पैलवानाचा हात आणि सारजाचा चिंचोका

फार जुनी गोष्ट. एका नदीच्या काठी एक गाव होतं, आणि त्या गावाचा जीव एका पाटात होता. नदीला दगडी बांध घातलेला, त्या बांधापासून निघालेला पाट सगळ्या शिवारातून वळसे घेत पार शेवटच्या रानापर्यंत जायचा. पाटाच्या डोक्याला ज्यांची शेतं, ते सुखी. शेवटाला ज्यांची रानं, त्यांचं सगळं दुसऱ्याच्या हातात. वरून पाणी आलं तर खाली गहू, नाही आलं तर खाली नुसती ढेकळं.

पाणी कुणाला, कधी आणि किती वेळ द्यायचं हे बघायला गावानं एक माणूस नेमलेला असायचा. त्याला म्हणायचे पाटकरी. दर वर्षी दसरा झाला की पाटकरी निवडायचा. निवडायची रीतही मोठी मजेशीर. देवळात घोंगडीच्या आड दोन मडकी ठेवायची, एक गेरू लावलेलं, एक चुना लावलेलं. एका चुलीला एक चिंचोका. तो मुठीत झाकून न्यायचा, मूठ दोन्ही मडक्यांत घालायची, पण चिंचोका सोडायचा एकातच. कुठल्यात सोडला ते देवाला ठाऊक आणि त्या मुठीला ठाऊक.

चिंचोका टाकायचा मान होता चूल पेटवणाऱ्या हाताचा, म्हणजे घरच्या बाईचा. पूर्वी पुरुषच टाकायचे. पण एका वर्षी देवळातच त्यांची जुंपली आणि दोन्ही मडकी एकमेकांच्या डोक्यात फुटली. तेव्हापासून गावानं कानाला खडा लावला. पुरुषांनी पारावर बसून हवं तेवढं बोलावं, ठरवायचं बायकांनी.

तर या पाटाच्या शेवटाला, शेवटून दुसरं रान होतं सारजाचं. तिच्या पुढं फक्त एका एकट्या म्हातारीचं रान, तिथं पाट संपला. सारजाची परिस्थिती बेताचीच, पण गावात तिला मान मोठा. कारण ती पैलवानाची बहीण.

कुठला पैलवान म्हणून विचारू नका. त्या काळी त्या मुलखात पैलवान म्हटलं की एकच. पोरांना भाकरी भरवताना आयांनी त्याचं नाव घ्यावं, त्याची कुस्ती असली की माणसांनी बैलगाड्या जुंपून दोन दिवस आधी निघावं. लोकांचा असाही एक समज होता, की पैलवानाचा हात ज्याच्या पाठीवरून फिरला त्याचं कल्याण झालं. म्हणून कुणी पाळण्यातलं पोर आणायचं, कुणी नवी नवरानवरी आणायचं, कुणी बाजाराला निघालेलं जनावर आणायचं. पैलवान बिचारा भोळा. हसत हसत सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि पुढं जायचा.

सारजाच्या नवऱ्यानं असाच एक बैल घेतला होता. खुद्द पैलवानाचा हात फिरलाय म्हणून व्यापाऱ्यानं सांगितलं, आणि मेव्हण्याच्या अभिमानापायी यानं दुप्पट भाव देऊन तो घरी आणला. दिसायला काय देखणा होता! शिंगं अशी की वाटसरूनं थांबून बघावीत. पण औताला जुंपला की दुसऱ्या तासाला मटकन खाली बसायचा. मग शेपूट पिरगाळा, ओरडा, गूळ चारा, महाराज उठायचे नाहीत. नाव मोठं आणि लक्षण खोटं. नवरा म्हणायचा, आज ऊन फार आहे. सारजा गप्प राहायची. भावाचं नाव गुंतलेलं होतं ना.

गेल्या वर्षीचा पाटकरी होता तो माणूस तोंडाचा अगदी फाटका. गोड बोलणं त्याच्या गावीच नव्हतं. पाळी संपली म्हणजे संपली, मग समोर कुणी का असेना. एकदा सारजाचा शेवटचा वाफा अर्धा भिजायचा राहिला होता. तिनं हात जोडले, घटकाभर थांबा म्हणाली. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, खोऱ्यानं माती ओढून वाफ्याच्या तोंडाचं दार बंद केलं आणि पाणी पुढं म्हातारीच्या रानात सोडलं. तेव्हापासून सारजा त्याच्याशी बोलायची नाही. तो समोरून आला की ती पदर सावरून तोंड फिरवायची.

पण एक गोष्ट होती. त्याच्या वर्षी खाली पाणी आलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी बागायतदाराचा माणूस पाटकरी होता, तेव्हा सगळं पाणी वरच्या उसातच मुरलं. सारजानं हातभर वाढलेला गहू पोटऱ्यात, ओंबी बाहेर पडायच्या आतच उपटून गुरांपुढं टाकला होता आणि त्या रात्री तिला अन्न गोड लागलं नव्हतं. पुन्हा तसं वर्ष आलं असतं तर तिला नवऱ्यासकट दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जावं लागलं असतं.

हा बागायतदार म्हणजे पाटाच्या डोक्याला बसलेला बडा माणूस. या वर्षी जुन्या पाटकऱ्याच्या गेरूच्या मडक्यासमोर त्यानं आपल्या भाच्याचं चुन्याचं मडकं मांडायचं मनात घेतलं. भाचा गोरागोमटा, कानात अत्तराचा फाया, बोलणं असं की जिथं तिथं साखर पेरत जावं. पाट मात्र त्यानं मामाच्या बागेपुरताच बघितलेला. बागायतदाराला हेही ठाऊक होतं, की पाटाच्या खालच्या अंगाच्या बायका जास्त आहेत आणि त्या काही भाच्याला चिंचोका देणार नाहीत. म्हणून त्यानं एक शक्कल लढवली. पैलवान ज्या तालमीत घुमायचा, तिथं रोजचं दूध या बागायतदाराच्या म्हशींचं जायचं. त्यानं उस्तादांच्या कानात सांगितलं, उस्तादांनी पैलवानाला सांगितलं. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणून पैलवान निघाला.

हलग्या वाजल्या, लेझीम खेळत पोरं पुढं झाली, गाव लोटलं. शेळ्या राखणारे शेळ्या सोडून आले, म्हातारे काठी टेकत आले. सारजा गर्दीत टाचा उंच करून उभी होती. भावाला बघून तिचा ऊर भरून आला. बाया तिला कोपरानं ढोसत होत्या, तुझा भाऊ बघ, तुझा भाऊ बघ म्हणत होत्या.

पैलवान पारावर चढला. त्यानं भाच्याला शेजारी उभं केलं, त्याच्या खांद्यावर आपला तो प्रसिद्ध हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझा हात ज्याच्या खांद्यावर, तो तुमचा पाटकरी. माझ्यावर जीव असेल तर चुन्याचं मडकं भरा."

लोकांनी फेटे उडवले. पोरांनी शड्डू ठोकले. सारजाच्या डोळ्यांपुढं मात्र दोन वर्षांपूर्वीचा तो उपटलेला गहू उभा राहिला. इतका वेळ उंच केलेल्या टाचा तिनं हळूच खाली टेकवल्या.

जेवायला पैलवान बहिणीकडेच आला. बागायतदाराच्या घरी पंचपक्वान्नाचं ताट तयार होतं, पण त्याला सारजाच्या हातची शेंगोळी हवी होती. लहानपणी दोघं एका थाळीत खायची. त्यानं पोटभर खाल्लं, नवऱ्याशी गप्पा मारल्या, अंगणात येऊन हात धुतले. तिथं तो देखणा बैल बांधलेला होता. काय सुरेख जनावर आहे म्हणून पैलवानानं त्याची तारीफ केली.

सारजाला राहवलं नाही. ती म्हणाली, "दादा, यालाही तुझाच हात लागलाय. औताला जुंपला की खाली बसतो."

पैलवानाला आठवेना. बाजारात कुणीतरी म्हणालं असेल, फिरवला असेल हात. त्यानं बैलाला आखाड्यात उतरवून थोडाच बघितला होता! तो मोठ्यानं हसला. सारजा हसली नाही. तिनं विचारलं, भाच्याला तू किती ओळखतोस? पैलवान म्हणाला, उस्ताद म्हणाले चांगला आहे. बरं, पाट कुठून कुठं जातो ते त्याला माहीत आहे का, तिनं विचारलं. पैलवान म्हणाला, ते मलाच कुठं माहीत आहे.

"दादा, उद्या एखाद्या नामांकित आचाऱ्यानं एका पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, याला मोठ्या कुस्तीला उतरवा, तर तू उतरवशील?"

"छे. मी आधी त्याला मातीत बघीन. आचाऱ्याला काय कळतंय कुस्तीतलं?"

एवढं बोलून पैलवानानं एकदा बैलाकडं बघितलं, एकदा आपल्या हाताकडं बघितलं. मग सारजानं त्याला उपटलेल्या गव्हाची सगळी हकीकत सांगितली. ऐकताना तो मान वर करीना. पण शब्द तर देऊन बसला होता, तोही सगळ्या गावादेखत. तिकडं बागायतदाराचं दूध, इकडं बहिणीचं रान, त्याचं इकडं आड तिकडं विहीर झालं होतं. जाताना तो दारात थांबला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सारजे, चुकलो असेन. पण आता शब्द गिळला तर माझं नाक कापलं जाईल. सगळ्या बाया तुझ्या तोंडाकडं बघतायत. माझी लाज राख."

सारजानं हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. ती रात्रभर कूस बदलत राहिली. भावानं आजवर तिच्याकडं काही मागितलं नव्हतं. माहेरी आई गेल्यावर त्यानंच तिला घास भरवला होता, खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. त्या भावाला चारचौघांत खाली बघायला लावायचं? आणि कुणासाठी? ज्यानं तिचा वाफा अर्धा ठेवला त्या फाटक्या तोंडाच्या माणसासाठी? मनात आलं, होऊ दे काय व्हायचं ते. मग पुन्हा तो पोटऱ्यातला गहू आठवायचा. बाजूला नवरा जागाच होता. तो एवढंच म्हणाला, भाऊ तुझा, चिंचोका तुझा, मी मधे पडत नाही.

सकाळी ती धुणं घेऊन नदीवर गेली, तर खालच्या अंगाच्या सगळ्या बाया तिचीच वाट बघत होत्या. कुणाचाच हात धुण्याला लागत नव्हता. एक म्हणाली, पैलवानानं सांगितलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच सांगितलं असणार. दुसरी म्हणाली, पण पाणी? तिसरीनं सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं, की सारजा, तू टाकशील त्या मडक्यात आम्ही टाकू.

आता बघा, काल भावाच्या हातात जे होतं ते आज बहिणीच्या हातात आलं होतं. तिनं नुसती मान हलवली असती तरी मडकं भरलं असतं, हे नाहीतर ते. तिला क्षणभर बरंही वाटलं, खोटं कशाला बोला. एवढ्या बायांनी आपल्या तोंडाकडं बघावं, हे कुणाला आवडत नाही? पण मग तिला अंगणातला बैल आठवला.

तिनं धुणं खडकावर ठेवलं आणि म्हणाली, "माझा भाऊ लाखात एक आहे. कुस्तीचं विचारायचं असेल तर त्याला विचारा. पण पाटातलं त्याला काही कळत नाही, हे त्यानंच मला सांगितलंय. म्हणून त्याला विचारू नका, आणि मी त्याची बहीण म्हणून मलाही विचारू नका. आपापल्या रानात जा, बांधावर बसा, आणि कुणाच्या वर्षी तिथवर पाणी आलं होतं ते आठवा. मग जे मनाला येईल ते करा."

मग शेवटच्या रानाची म्हातारी खुदकन हसली आणि म्हणाली, खरं आहे बाई, बैलावरही त्याचाच हात फिरला होता. तशी सगळ्या बाया हसल्या, आणि धुण्यावर बडवणी पडायला लागली.

निवडीच्या दिवशी देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. भाच्यासाठी हार आला होता, पेढे आले होते, हलगीवाले येऊन बसले होते. पैलवान बागायतदाराच्या शेजारी बसला होता, पण त्याचं लक्ष खाली मातीकडं होतं. बाया एकेक करून घोंगडीआड गेल्या. सारजाची पाळी आली. चिंचोका मुठीत घामानं भिजला होता. तिनं मूठ दोन्ही मडक्यांत घातली, बाहेर आली आणि भावाकडं न बघता बायांत जाऊन बसली.

गुरवानं दोन सुपांत दोन मडकी उपडी केली. मोजायची गरजच पडली नाही. गेरूच्या मडक्याचं सूप भरून चिंचोके खाली सांडले. चुन्याच्या मडक्यात अगदीच काही नव्हते असं नाही. त्यातले थोडे निव्वळ पैलवानाच्या मायेपोटी पडले होते. माणसाचं मन आहे, पाघळतं कधी कधी. पण बहुतेकींनी आधी बांधावर बसून आठवलं होतं आणि मगच देवळात पाऊल ठेवलं होतं.

हलगीवाले एकमेकांकडं बघायला लागले. बागायतदार पैलवानाला सगळ्यांदेखत म्हणाला, एवढं तुमचं नाव, आणि एका मडक्याएवढीसुद्धा त्याची किंमत नाही? सारजाच्या डोळ्यांत पाणी आलं. हेच तिला नको होतं.

तेवढ्यात पैलवान उठला. तो चालत त्या फाटक्या तोंडाच्या पाटकऱ्यापाशी गेला, आणि आखाड्यात कुस्ती संपल्यावर हरलेला जिंकलेल्याला भेटतो तशी त्यानं त्याला मिठी मारली. मग त्याचा हात धरून वर केला आणि म्हणाला, "आजची कुस्ती यानं मारली. तुम्ही टाळ्या वाजवता म्हणजे माझं सगळंच ऐकता, असं मला वाटत होतं. चुकलो. ज्यातलं मला कळत नाही, तिथं हा हात पुन्हा ठेवणार नाही."

म्हातारी काठी टेकत पुढं आली. तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला, तिथवरच तिचा हात पोचत होता. ती म्हणाली, "लेकरा, तू कुस्ती खेळ. आम्ही चूल विझवून बघायला येऊ. पण आमचं पाणी आमचं आम्हाला बघू दे."

लोक हसले, पैलवानही हसला, आणि मग त्याच्या नावाचा असा गजर झाला की देवळावरची कबुतरं उडाली. सारजानं पदरानं डोळे पुसले. भावाची लाज गेली नव्हती, उलट आज तो तिला पारावरच्यापेक्षा मोठा वाटला.

दुसऱ्या दिवसापासून बागायतदारानं तालमीचं दूध बंद केलं. सारजा हबकली. आपल्यामुळं भावाचा खुराक गेला, असं तिच्या मनानं घेतलं. पण खालच्या अंगाच्या बायांनी तिला रडत बसू दिलं नाही. ज्यांच्या घरी म्हैस होती त्यांनी म्हशीचं, ज्यांच्याकडं गाय होती त्यांनी गाईचं, अशी रोज एका घरची चरवी तालमीला जायला लागली. आणि कुणाची चरवी कधी जाणार याच्या पाळ्या लावल्या कुणी? त्याच फाटक्या तोंडाच्या पाटकऱ्यानं. कुणाला उशीर झाला की तो दारात उभा राहून बोंब मारायचा.

पुढं गहू हातभर वाढले, वाऱ्यावर डुलायला लागले. पैलवान बहिणीचं पीक बघायला आला, त्या दिवशी सारजाची पाळी होती. पैलवानानं धोतर खोचलं आणि स्वतः दारं धरून पाणी वळवायला उभा राहिला. पण त्याला सवय कुठली. पाणी भलतीकडं पळायचं, सारजा ओरडायची, नवरा हसायचा. असं करता करता शेवटचा वाफा अर्धाच भिजला, आणि पाटकरी खोरं घेऊन हजर झाला.

पैलवान त्याच्यापुढं छाती काढून उभा राहिला आणि म्हणाला, बहिणीचा एवढा वाफा होऊ दे की.

"बाजूला व्हा, पैलवान. पाळी संपली."

ज्याला सारा मुलूख वचकून असायचा, तो पैलवान मुकाट्यानं बाजूला झाला. पाटकऱ्यानं माती ओढली, दार बंद केलं. पाणी वळलं आणि खळखळ करत म्हातारीच्या रानाकडं निघालं. सारजानं त्याला मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या. मग पाण्याच्या मागोमाग बघत राहिली आणि तिला हसू फुटलं. खूप दिवसांनी ती त्याच्याशी बोलली. घरी भाकरी खाऊन जा म्हणाली. तो म्हणाला, वेळ नाही, आणि खोरं खांद्यावर टाकून निघून गेला.

पैलवान बांधावर बसला आणि बहिणीला म्हणाला, सारजे, आता तरी खरं सांग, तुझा चिंचोका कुठल्या मडक्यात पडला होता?

सारजानं आपली चिखलानं भरलेली मूठ त्याच्यापुढं धरली, झाकलेलीच. "दादा," ती म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

तात्पर्य: ज्याचं कसब थोर, त्याचं कौतुक तोंडभर करावं, टाळ्या हातभर द्याव्यात, पण आपलं पाणी कुणाच्या हाती द्यायचं, हे आपल्याच बांधावर बसून ठरवावं.